कौतुकाचा कोटा

पौष सरत आला की बेळगाव तालुक्यात दोन हंगाम एकदमच रस्त्यावर उतरतात. एक उसाचा, दुसरा संमेलनांचा. पुढं ग्रंथदिंडी आणि मागं हॉर्न मारून मारून दमलेला ट्रॅक्टरवाला, हा देखावा रविवारी सकाळी हमखास दिसतो. फरक एवढाच, की उसाला निदान काट्यावर चढावं लागतं. कवितेला वजन न करताच भाव मिळतो. कारखान्याच्या काट्यावर वर्षभर शंका घेणारा आमचा शेतकरी कविसंमेलनात बसला की त्याला काटाच दिसत नाही. दिसलाच, तर तो फक्त अंगावर आलेला असतो.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी. खानापूरकडं गेलात तर माचीगड. निपाणीकडं वळलात तर कारदगा. बटाटे, रताळी, बासमती आणि ऊस पिकवणारी ही गावं वर्षातला एक रविवार साहित्यासाठी राखून ठेवतात. त्यातल्या कडोलीच्या संमेलनांची गिनती चाळिशीच्या आसपास पोचली आहे. वर्गणी गावाची, मांडव गावाचा, भाताचा हंडा गावाचा. अखिल भारतीय संमेलनात मुख्यमंत्री येणार की नाही यावर महाराष्ट्रात अग्रलेख पडतात. इथं चर्चा असते ती पंगत किती वाजता बसवायची याची. दोन्हींतला कुठला प्रश्न साहित्याच्या जास्त जवळचा, ते जेवलेल्यानंच सांगावं.

या गावांविषयी मला आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी माझ्याच निषेधाचा ठराव मांडायचा, आणि ठराव मांडायला आमच्याकडं कुणाला आमंत्रण लागत नाही.

दिवसाचा क्रम सगळ्यांना पाठ असतो. दिंडी, दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, अध्यक्षीय भाषण, सीमाप्रश्नाचा ठराव, पंगत. एवढं पचल्यावर, म्हणजे खरं तर पचायच्या आधीच, कविसंमेलन. कवी वीस-पंचवीस, वेळ तासभर. निवेदकाच्या चारोळ्या त्यात धरलेल्या नाहीत. त्या कवितेपेक्षा लांब असल्या तरी त्यांना चारोळ्याच म्हणायची पद्धत आहे.

आणि हे कवी कोण? उद्यमबागेतल्या फौंड्रीत आठवडाभर साचे भरणारा एक. पिग्मी गोळा करत गल्ल्या पालथ्या घालणारा एक. वायव्य कर्नाटकच्या बसमधला कंडक्टर एक, जो तिकिटाच्या मागं कविता लिहायचा आणि मशीन आल्यापासून कागदाला महाग झाला आहे. एखादी अंगणवाडी सेविका. निवृत्त मास्तर तर घाऊक. सहा दिवस पोट, सातव्या दिवशी कविता. यांना पैसा नको, पद नको, पुरस्कार मिळाला तर नको म्हणणार नाहीत इतकंच. यांना फक्त कुणीतरी ऐकायला हवं आहे. आणि नेमकं तेवढंच मिळत नाही. दाद मिळते, पण ऐकायला कुणी नसतं.

मांडवाबाहेर चहाच्या टेबलापाशी उभं राहिलात तर हा संवाद कानावर येतो:

"कशी झाली वो माझी कविता?"

"भारी की! एक नंबर."

"कुठली आवडली? आईवरची का पावसावरची?"

"दोन्ही की वो! त्या आईवर पाऊस पडतोय ना, तो भाग तर..."

"तुमची पण छान झाली हां."

"माझी अजून व्हायची आहे."

यातल्या कुणालाही खोटारडा म्हणता येणार नाही. दोघंही एकमेकांना देत आहेत ती दाद म्हणजे चहापाण्यासारखी रीत आहे. आज मी तुला 'वा' म्हटलं, उद्या तू मला म्हण. हिशेब चोख, उधारी नाही. अडचण एवढीच, की या व्यवहारात माल कुणीच उघडून बघत नाही. 'काळजाला भिडली', 'निःशब्द झालो', 'अंगावर काटा आला' ही तीन वाक्यं पाठ असली की कुठल्याही कविसंमेलनाला जाता येतं. कविता ऐकायची गरज नसते. उलट मागच्या रांगेत बसून ज्याला काहीच ऐकू आलेलं नसतं, तोच सगळ्यात आधी निःशब्द होतो.

चित्रकारांचं काही वेगळं नाही. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या जागेत के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचं कलादालन आहे. अशा कुठल्याही दालनात हौशी चित्रकारांचं प्रदर्शन लागलं की दाराशी एक वही ठेवलेली असते, अभिप्रायाची. ती वही कधीतरी निवांत वाचा. 'खूप सुंदर. असेच काढत राहा.' 'छान उपक्रम. शुभेच्छा.' 'जेवण उत्तम होते', हा अभिप्राय चुकून दुसऱ्या वहीतून आलेला असतो, पण तो एकटाच मनापासूनचा वाटतो. दालनातले बाकीचे लोक चित्रांकडं पाठ करून उभे असतात. फोटोत चित्र मागं यायला हवं ना.

आता कुणी म्हणेल, हौशी कलावंतांचं हे जगभर असंच असतं, त्यात बेळगाव-निपाणीला कशाला धरता? बरोबर. पण आमच्याकडं या सार्वत्रिक रोगाची एक खास जात निघाली आहे, आणि ती बाहेरून येते. बहुधा शनिवारी रात्रीच्या बसनं.

पाहुणे येतात. माइक हातात घेतात. आणि पहिलंच वाक्य टाकतात, की तुम्ही सीमाभागातल्या लोकांनी मराठी जिवंत ठेवली आहे, खरी मराठी बघायची तर इथं यावं, आमच्या पुण्यात आता काही उरलेलं नाही. टाळ्या. मग ते आमच्या धगधगत्या अस्मितेविषयी बोलतात. पुन्हा टाळ्या. मग पुढचा कार्यक्रम असल्यामुळं ते पंगत उठताच निघतात, म्हणजे कविसंमेलनाच्या आधी. ज्यांनी मराठी जिवंत ठेवली त्या पंचवीसजणांपैकी एकाची एक ओळ त्यांच्या कानावर पडलेली नसते. गावातल्या कवींनी भीत भीत हातात दिलेले चार संग्रह कागलच्या पुढं जात असतील असं वाटत नाही. कुंद्याचा डबा मात्र पुण्यापर्यंत सुखरूप पोचतो.

याला मी कौतुकाचा कोटा म्हणतो. काय लिहिलं ते बघायचं नाही, कुठं बसून लिहिलं ते बघायचं. आधार कार्डावर बेळगाव जिल्हा असला की दहा मार्क वरचे. यमक जुळलं नाही? चालतंय, सीमाभाग आहे. तीच उपमा तिसऱ्यांदा आली? असू दे, अन्याय सोसतात बिचारे. नाटकात दुसऱ्या अंकाची गरजच नव्हती? पण केवढ्या प्रतिकूल परिस्थितीत केलं! हे कौतुक कलाकृतीच्या वाट्याला येतच नाही, ते पत्त्यावर येतं. पोस्टमननं पाकीट न वाचता फक्त पिनकोडला नमस्कार करून जावं, असं चाललं आहे.

आणि हा उद्योग फक्त आपलेच लोक करतात अशा गैरसमजात राहू नका. सीमेपलीकडं, महाराष्ट्राच्या हद्दीत, जत आणि अक्कलकोटच्या पट्ट्यात कन्नड लिहिणारे हौशी कवी आहेत. त्यांना कन्नडमध्ये 'गडिनाडू'चे कवी म्हणतात. बेंगळुरूहून पाहुणे येतात, माइक हातात घेतात आणि तुम्हीच कन्नड जिवंत ठेवली म्हणतात. भाषण तेच, फक्त भाषा वेगळी. कर्नाटकात तर सीमाभागाच्या विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरणच आहे. दोन राज्यांत पटत नाही असं कोण म्हणतं? कवीला न वाचता थोपटण्याच्या बाबतीत दोघांचं पूर्ण एकमत आहे.

हा कोटा आला कुठून, तेही बघितलं पाहिजे, कारण तो काही रिकामटेकडेपणातून आलेला नाही. १९४६ साली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. तेव्हापासून इथल्या संमेलनांत ठराव आणि कविता एकाच पंगतीला बसतात, आणि वाढप्याचा हात आधी ठरावाकडं जातो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला. महाराष्ट्र आठशेहून जास्त गावं मागतो आहे. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढ्या काळात इथल्या माणसाला एकच गोष्ट पुनःपुन्हा सिद्ध करावी लागली, की आम्ही आहोत आणि आम्ही मराठी आहोत.

अशा ठिकाणी कविता आधी पुरावा होते, मग कविता. कवी व्यासपीठावर चढला की तो कागदपत्रातला एक नग असतो. पाहुणा त्याला मोजतो, वाचत नाही. गावोगावी इतके कवी आहेत म्हणजे बघा किती मराठी आहे, असा तो हिशेब. आता पुराव्याला कुणी 'तिसरी ओळ सैल आहे हो' म्हणतं का? पुरावा फक्त दाखल करायचा असतो. मग कवीलाही सवय लागते. तोही कवितेच्या शेवटी एक मशाल आणि एक सह्याद्री टाकून मोकळा होतो. तेवढ्यावर टाळी पक्की असते, तर आईच्या हाताला आलेल्या भेगांवर कशाला वेळ घालवायचा?

साहित्याला खरोखर गंभीरपणे घेतं ते एकच खातं, पोलीस खातं. २०२० च्या जानेवारीत खानापूर तालुक्यातल्या एका संमेलनाला निघालेल्या श्रीपाल सबनीस यांना पोलिसांनी वाटेत अडवलं होतं. अखिल भारतीय संमेलनाच्या माजी अध्यक्षांच्या भाषणामुळं काहीतरी घडू शकतं, एवढा विश्वास आपल्यापैकी कुणाचा होता, प्रामाणिकपणे सांगा. अडवणूक वाईटच, तिचा निषेधच. पण मनात असंही येऊन जातं, की मराठी साहित्यात ताकद आहे असं मानणारा एकनिष्ठ वाचक शेवटी भेटला तो बंदोबस्तावर.

बरं, या मातीत कोट्याशिवाय कुणी उभं राहिलंच नाही, असं आहे का?

इंदिरा संत बेळगावच्या. शिक्षकी पेशातल्या बाई. त्यांचं पहिलं पुस्तक 'सहवास' १९४० च्या सुमाराचं आणि ते एकटीचं नाही, नवरा-बायकोचं मिळून. एका घरात दोन कवी आणि दोघांच्या कविता एका पुठ्ठ्यात. हौशी कलावंतांनी एकमेकांना धरून चालण्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. पुढं नवरा गेला आणि बाई एकट्या लिहीत राहिल्या. १९८४ साली 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळाली ती मराठी कवितेसाठी. अर्जात सीमाभागाचा रकाना नव्हता.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत. कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, म्हणजे साहित्याच्या दृष्टीनं अस्सल हौशी. साठच्या दशकात थोडं लिहिलं, मग जवळजवळ तीन दशकं गप्प. १९९४ मध्ये 'वनवास' आलं आणि त्यातला लंपन महाराष्ट्राच्या घराघरात गेला, तो कानडी शब्द खिशात घालूनच. आज कुणी असा तीस वर्षं गप्प बसला असता, तर मधल्या काळात आपण त्याला तीन जीवनगौरव देऊन चौथ्यासाठी अर्ज मागवला असता. त्यांना कुणी 'असेच लिहीत राहा' म्हणून गोंजारलं नाही, म्हणून बहुतेक ते तसंच लिहीत राहिले नाहीत. चांगलं होईपर्यंत थांबले.

निपाणीत महादेव मोरे होते. २०२४ साली गेले. गॅरेजमध्ये राबलेले, टॅक्सी चालवलेले, आणि मग पिठाची गिरणी. दळण टाकायला आलेल्या बाईची भाषा, ड्रायव्हर लोकांची भाषा, तंबाखूच्या वखारीतली भाषा, सगळी कथेत उतरली. या माणसाच्या गोष्टी दिवाळी अंकांच्या संपादकांनी छापल्या त्या निपाणी कुठल्या राज्यात आहे हे नकाशावर बघून छापल्या नाहीत. निपाणीची तशीही गंमतच. देवचंद कॉलेज गावाला लागून, पण अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. पोरगं कर्नाटकात जेवून महाराष्ट्रात शिकायला जातं आणि चहाला परत येतं. अशा गावात राहून मोरे सीमेवर रडत बसले नाहीत. त्यांना सांगायला गिऱ्हाइकं पुरत होती.

आणि रवी परांजपे. १९३५ चा जन्म बेळगावचा, चित्रकलेचे धडे के. बी. कुलकर्णींकडं. पुढं मुंबई गाठली, नैरोबीला काम केलं, देशात नाव काढलं. आत्मकथनाला नाव दिलं 'ब्रश मायलेज'. शाल मायलेज नव्हे. ब्रश किती मैल चालला, ते मोजायचं. के. बी. सरांनी पोरांना चित्र काढायला शिकवलं. सीमाभागातला पोरगा म्हणून हात थोडा कच्चा असला तरी चालेल, असं काही त्यांच्या शिकवणीत नसावं. असतं तर परांजपे आज बेळगावातल्याच एखाद्या अभिप्रायाच्या वहीत 'छान' म्हणून मिटले असते.

दाद कशी द्यावी हे शिकायला आम्हाला गाव सोडायचीही गरज नाही. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि बेळगावनं त्यांना 'गणगोत'मधले रावसाहेब दिले. गाणं आणि नाटक म्हटलं की जीव टाकणारा माणूस, आणि तोंडात शिव्या अशा, की छापखान्यानं फुल्या कमी पडतात म्हणून बिल वाढवावं. आता रावसाहेबांना आजच्या कविसंमेलनात पहिल्या रांगेत बसवून बघा मनातल्या मनात. पहिल्याच कवीला त्यांनी काय म्हटलं असतं ते इथं लिहिता येणार नाही. पण त्या कवीनं घरी जाऊन ती ओळ बदलली असती, एवढं नक्की. शिवी देण्यासाठीसुद्धा आधी ऐकावं लागतं.

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. कवी मंडळी रविवारी चहाला जमायची, एकमेकांना कविता वाचून दाखवायची. म्हणजे आपल्यासारखंच, फक्त पंगतीऐवजी चहा. त्यांचं नशीब थोर, की त्यांना अत्रे भेटले. दोनच वर्षांत 'झेंडूची फुले' आली आणि त्या काळच्या कवितेतल्या सगळ्या लकबी अत्र्यांनी विडंबनात टांगून ठेवल्या. कवी चिडले असतील. पण विडंबन करायला मूळ कविता ओळीनओळ वाचावी लागते, आणि टिंगल करण्यासाठी का होईना, इतकं बारकाईनं वाचणारा माणूस मिळणं हे कवीचं भाग्य आहे. आमच्याकडं प्रत्येक तालुक्यात दोन-तीन मंडळं आहेत, अत्रे मात्र एकही नाही. त्या जागेसाठी कुणी वशिलाही लावत नाही.

लांबची गोष्ट हवी असेल तर जपानची घ्या. तिथं हायकू लिहिणाऱ्या हौशी लोकांच्या बैठकीला 'कुकाई' म्हणतात. प्रत्येकानं आपली हायकू कागदाच्या पट्टीवर लिहायची, नाव घालायचं नाही. पट्ट्या मिसळायच्या. मग दुसऱ्यांनी त्या उतरवून काढायच्या, म्हणजे अक्षरावरूनही कुणाची ते कळू नये. आपल्याला आवडल्या त्या प्रत्येकानं निवडायच्या, निवडलेल्या वाचून दाखवायच्या, आणि मग ज्याची हायकू त्यानं आपलं नाव सांगायचं. इथं वय चालत नाही, ओळख चालत नाही, पत्ता तर बिलकूल चालत नाही. मास्तरांची हायकू बाजूला पडून कालच्या पोराची निवडली जाऊ शकते. आमच्याकडं असं झालं तर मास्तर पुढच्या वर्षी स्वतःचं वेगळं संमेलन काढतील, हा धोका मला मान्य आहे. गावं पुष्कळ आहेत, होऊ दे.

पण जपानलाही कशाला जायचं? आमची शिवजयंती बघा. बेळगावात ती वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर सजीव देखावे. गल्लीतलाच पोरगा शिवाजी महाराज, गल्लीतलाच पैलवान अफजलखान. महिनाभर तालमी, दाढी चिकटवायचा डिंक, पुठ्ठ्याचा बुरूज. सगळे हौशी. आणि रस्त्याच्या कडेला चादर टाकून बसलेली आजी पहाटेपर्यंत हलत नाही. खान नीट पडला नाही तर गर्दीतून आवाज येतो, "परत पड की बे!" आणि खान परत पडतो. चांगला पडला तर शिट्ट्यांनी गल्ली दणाणते. तिथं कुणी म्हणत नाही, की सीमाभागातला खान आहे, जरा बाजूला पडला तरी गोड मानून घ्या.

म्हणजे दाद द्यायची अक्कल आमच्या लोकांत ठासून भरली आहे. तीच आजी कविसंमेलनात आली की गप्प का बसते? कारण तिथं तिला सांगितलेलं असतं, की हे साहित्य आहे, टाळ्या वाजवायच्या असतात. माइकवरून सारखी तीच सूचना होते, 'जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत.' मिरवणुकीत कधी कुणी टाळ्यांची भीक मागितलेली ऐकली आहे?

आणखी एक बघा. दिंडीत डोक्यावर कळस घेऊन पुढं कोण चालतं? बायका. भाकरी कोण भाजतं? बायका. आणि कविसंमेलनाच्या यादीत शेवटची पाच नावं कुणाची? 'वेळेअभावी' हा शब्द ज्यांच्या नावाला कायम जोडलेला असतो, त्यांची. इंदिरा संतांच्या जिल्ह्यात हे चालतं, आणि त्याच मांडवाला कधी कधी इंदिरा संतांचंच नाव दिलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, टीका सोपी आहे, उपाय सांगा. संमेलन म्हटलं की ठराव आलेच, म्हणून मीही ठरावच मांडतो. अनुमोदनाची वाट बघत नाही.

ठराव पहिला. कविता आठ दिवस आधी, नाव न घालता द्यायच्या. गावातल्या शाळेच्या पोरांनी त्या स्वच्छ अक्षरात उतरवून काढायच्या आणि वाचनालयात टांगायच्या. लोकांनी निवडलेल्या दहाच मांडवात वाचल्या जातील. उरलेल्यांनी घाबरू नये, पुढचं वर्ष आहेच.

ठराव दुसरा. 'असेच लिहीत राहा' या वाक्यावर कायमची बंदी. दाद द्यायची असेल तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील: कुठली ओळ लक्षात राहिली आणि कुठली काढून टाकावी. दुसरी सांगायची हिंमत नसेल तर पहिलीही सांगू नये.

ठराव तिसरा. आपली कविता झाली की मांडवातून हळूच सटकणाऱ्या कवीची चप्पल संयोजकांनी सुरुवातीलाच जमा करून घ्यावी आणि शेवटच्या कवीचं वाचन झाल्यावर परत द्यावी.

ठराव चौथा. कविसंमेलन बायकांच्या कवितांनी सुरू होईल. त्या वेळी भांडी घासायला पुरुष कवींची तुकडी राहील. अनुभव येईल, नवीन विषय मिळतील.

ठराव पाचवा. मागच्या वर्षीची कविता या वर्षी वाचायला हरकत नाही, पण वर्षभरात तिच्यात काय बदललं ते आधी सांगावं. काहीच बदललं नसेल तर निदान सदरा तरी बदलून यावं.

ठराव सहावा. चित्रांच्या प्रदर्शनात अभिप्रायाच्या वहीत लिहिण्याआधी एका चित्रासमोर पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवून उभं राहावं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी दाराशी वेगळी वही ठेवावी, फक्त जेवणाच्या अभिप्रायाची.

ठराव सातवा आणि शेवटचा, पाहुण्यांबद्दल. आमंत्रणपत्रिकेबरोबरच त्यांना गावातल्या लोकांचे चार कवितासंग्रह पाठवावेत. भाषणाच्या आधी दहा मार्कांची तोंडी परीक्षा, पहिल्या रांगेतल्या आजीसमोर. पास झाले तर खुशाल झोडपा म्हणावं आमच्या कवितेला, आम्ही सोसू, कुंदाही देऊ. आणि नापास झाले तर काय करायचं? बिचारे लांबून येतात, पुण्यात राहतात, केवढ्या प्रतिकूल परिस्थितीत मराठी टिकवून आहेत. त्यांना कोट्यातून पास करून टाकू.